नव्व्याण्णव सोडून

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात सिंधु नांदेडहून तिथं आली. अख्खं शहर घागरी घेऊन टँकरमागं पळत होतं, आणि ही बाई एक पत्र्याची पेटी अन् एक काळा स्पीकर घेऊन स्टँडवर उतरली. क्लासेसच्या भागातल्या एका मुलींच्या हॉस्टेलात स्वयंपाकाला बाई पाहिजे होती. पाणी नसताना शेकडो पोळ्यांची कणीक मळायला कुणी तयार होईना, म्हणून हिला लगेच ठेवून घेतलं. राहायला कोठीशेजारची खोली मिळाली. तिथं तिनं पेटी ठेवली, फळीवर बायबलातला नवा करार ठेवला आणि कामाला लागली.

त्या भागात घरं कमी आणि बोर्ड जास्त. बोर्डांवर पोरांचे फोटो, फोटोंखाली मार्क. दर निकालाला जुने चेहरे उतरायचे, नवे चढायचे. जळकोट, मुखेड, अहमदपूर, पार परभणीकडून आईबाप पोरांना आणून सोडायचे, आणि जाताना सिंधुला म्हणायचे, "मावशी, लेकराच्या जेवणाकडं बघा." सिंधु बघायची. कुणाचं ताट तसंच परत आलं, कोण भात चिवडत बसलंय, हे तिच्या नजरेतून सुटत नव्हतं. पण ताट परत आलं म्हणून विचारायची सोय नव्हती. पोरींना बोलायला वेळच नव्हता.

बोलायला कुणी नसणं म्हणजे काय, ते तिला माहीत होतं.

त्र्याण्णव साली ती सहा वर्षांची होती. किल्लारीपासून जवळच्याच एका खेड्यात तिचं दगडमातीचं घर होतं. आदल्या संध्याकाळी गणपती बोळवले होते, आणि पहाटे भिंती आत आल्या. आई-बाप जागेवरच गेले. सिंधु आणि तिचा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन, ज्याला घरात मल्लू म्हणायचे, एका तुळईच्या आडोशाला अडकले. ती त्याच्याशी बोलत राहिली. बोलायचं संपलं तेव्हा आदल्या दिवशीच्या मिरवणुकीतलं "मोरया, मोरया" ओरडायला लागली, कारण त्याला ते फार आवडायचं. आधी तो मागून ओरडायचा. मग नुसतं हूं म्हणायचा. मग तेही थांबलं. ती मात्र ओरडत राहिली, आणि त्या आवाजावरून चुलता मलप्पा यानं हातानं दगड उपसून तिला बाहेर काढलं. मल्लूला नंतर काढलं.

चुलत्याच्या घरात त्याचीच चार तोंडं होती. मिशनच्या लोकांनी विचारलं, तेव्हा त्यानं तिला नांदेडच्या एका वसतिगृहात पाठवलं. तिथं नागुबाई होती, देगलूरकडची ख्रिस्ती विधवा, मुलींचं सारं पाहणारी. रागावली की तेलुगूत बोलायची आणि माया आली की मराठीत. सिंधु कितीतरी महिने बोलत नव्हती. नागुबाईनं तिला कधी खोदून विचारलं नाही. नुसती शेजारी बसून तांदूळ निवडायची आणि गोष्टी सांगायची. त्यातली एक गोष्ट सिंधु पुन्हा पुन्हा मागायची: शंभर मेंढरं असलेल्या माणसाचं एक मेंढरू हरवतं, आणि तो नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो.

"घावतं का ते?" सिंधु दर खेपेला विचारायची.

"घावतं की. खांद्यावर घेऊन येतो."

सोळाव्या वर्षी तिनं स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. गावाकडं ते कळलं तसा मलप्पाचा निरोप आला, की आता इकडं येऊ नको.

रॅप तिला भेटलं ते त्याच वसतिगृहात. ईशान्येकडून सेवेला आलेला एक तरुण जाताना एक सीडी ठेवून गेला. इंग्रजी तिला कळेना, पण माणूस दम न घेता बोलतोय, भांडतोय, आणि मध्येच "जीझस" म्हणतोय, एवढं कळलं. उपासनेतली गीतं तिच्या गळ्याला कधी झेपली नव्हती. सूर वर गेला की तिचा आवाज फाटायचा. हे मात्र तिला जमलं. ह्याला सूर नको होता, दम पाहिजे होता. भांडी घासता घासता ती स्वतःच्या बोलीत जुळवायला लागली. नागुबाई म्हणायची, "काय बडबड करून राहिली?" आणि दारात उभी राहून ऐकायची.

नागुबाई गेली, वसतिगृह बंद पडलं, आणि सिंधु लातूरला आली.

तिथं स्पीकरची वायर तुटली म्हणून ती समोरच्या मोबाईलच्या दुकानात गेली. दुकान यासेर नावाच्या पोराचं. चोविशीतला, बाप लालमहंमद वारलेला, आई बानो शिवणकाम करणारी. स्पीकर चालतो का बघायला त्यानं सिंधुच्या मोबाईलवरचं तिचंच रेकॉर्डिंग लावलं आणि ऐकतच राहिला.

"आपा, हे गाणं हाय का भांडण?"

"दोन्ही हाय."

"बोल भारी हायत. पण खाली ठेका न्हाई. ठेक्याबिगर कोण थांबणार?"

चार दिवसांनी त्यानं मोबाईलवर बनवलेला ठेका ऐकवला. डब्यावर लाटणं मारल्यागत आवाज, मध्ये एसटीचा हॉर्न, आणि खाली काळजात धडधडणारा ढोल. सिंधु म्हणाली, "तुला चालंल का? मी येशूचं म्हणते." यासेर हसला. "तुम्ही तुमचं म्हणा. मी माझी नमाज पढून येतो. ठेक्याला काय धर्म असतो?"

रविवारी क्लासची परीक्षा असायची. दुपार कलली की पोरं बाहेर पडायची आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी उत्तरं ताडून बघायची. तोंडं उतरलेली असायची. तिथंच स्पीकर ठेवून सिंधु पहिल्यांदा उभी राहिली. डोईवर पदर, हाताला कणकेचा वास, आणि माईक म्हणून मोबाईलचा हेडफोन.

*नव्व्याण्णवाच्या मागं सारं लातूर पळून राहिलं,*
*एक लेकरू मागं पडलं, ते कुणी न्हाई पाहिलं.*
*ज्यानं तुला घडवलं त्यानं रँक न्हाई इचारली,*
*एकासाठी माझ्या धन्यानं रानं पालथी घातली.*

पोरं हसली. एकानं शिट्टी मारली, दोघांनी मोबाईल काढले. सिंधुनं थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं. मी हितंच हाय." कुणी आलं नाही. स्पीकर उचलताना यासेर म्हणाला, "आपा, हसले पण गेले न्हाईत. बघितलं का?"

पुढच्या रविवारी एक मुलगा आला आणि तिच्यासमोर नुसता रडून गेला. मग कधी एक, कधी दोघं. ती ना कागद वाटायची, ना कुणाला चर्चला बोलवायची. ऐकून घ्यायची, आणि कुणी म्हटलंच तर डोळे मिटून दोन शब्द प्रार्थना करायची. ती जायची त्या चर्चच्या पाळकसाहेबांना आधी कौतुक वाटलं. त्यांनी तिला उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सांगायला, उभं केलं. तिनं भूकंपाचं सांगितलं, मोरयासकट. नंतर पाळकसाहेबांनी बाजूला घेतलं.

"सिंधुबाई, ते मोरयाचं गाळा. प्रभूला हाक मारली असं म्हणा."

"पण मी मोरयाच ओरडत होते."

"लोकांचा गैरसमज होतो."

"खोटं सांगून कसली साक्ष, साहेब?"

त्यानंतर तिला साक्षीला उभं केलं नाही.

हॉस्टेलात अपूर्वा नावाची मुलगी होती, जळकोटची. वडील वसंतराव शाळेत गुरुजी. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचं तिचं दुसरं वर्ष चालू होतं. ताट परत पाठवणाऱ्यांत तीच पहिली. एका रविवारी ती गर्दीच्या कडेला उभी दिसली. मग ती रोज संध्याकाळी कोठीत येऊन पोळ्या मोजायच्या निमित्तानं बसायला लागली. बोलायची घरच्या कुत्र्याबद्दल, आजीबद्दल, अभ्यासाचं सोडून कशाबद्दलही. एकदा फळीवरचा नवा करार तिनं खाली घेतला.

"मावशी, ती मेंढराची गोष्ट ह्यातच हाय का? वाचायला नेऊ?"

"ठेव जागेवर. तुझे वडील रागावतील."

दुसऱ्या दिवशी फळी रिकामी होती. सिंधुला कळलं, पण तिनं विचारलं नाही. खरं तर तिला आतून आनंदच झाला. कुणीतरी मागून हाकेला ओ दिल्यासारखं वाटलं.

त्यानंतरच्या एका रविवारी, सिंधुचं म्हणून झाल्यावर, अपूर्वा पुढं आली आणि तिच्या हातातला हेडफोन मागितला. आवाज कापत होता, पण ठेका तिनं चुकू दिला नाही.

*बाबा म्हणतात डॉक्टर हो, आई म्हणती जेवलीस का,*
*कुणीच न्हाई इचारत, अपू, तू हायेस का?*

चहाच्या गाड्याभोवतीचा सगळा घोळका गप्प झाला. एका मुलीनं तिला मिठी मारली. सिंधुच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता. आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला.

आठवड्याभरात तो व्हिडिओ जळकोटला पोचला. पोचेपर्यंत त्याला मथळा लागला होता, की लातुरात क्लासच्या मुलींचं धर्मांतर चालू आहे. वसंतराव पहिल्या गाडीनं आले. हॉस्टेलच्या मालकीण सौदामिनीबाईंनी सिंधुला ऑफिसात बोलावलं. अपूर्वा भिंतीला टेकून उभी होती. टेबलावर नवा करार होता.

वसंतराव ओरडले नाहीत. हळू बोलत होते. "मी शेत न्हाई, घर न्हाई, काही बघितलं नाही. हिच्यासाठी सगळं. गावात मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. अपू, हे पुस्तक तुला कुणी दिलं?"

अपूर्वानं मान खाली घातली.

"बोल. तू स्वतःहून घेतलंस?"

सिंधु तिच्याकडं बघत होती. अपूर्वानं एकदाच वर पाहिलं आणि पुन्हा नजर खाली नेली.

"मावशींनी दिलं. गाणं पण त्यांनीच म्हणायला लावलं."

वसंतरावांनी सिंधुला विचारलं, "खरं आहे?"

सिंधुनं अपूर्वाच्या हातांकडं पाहिलं. ओढणीचं टोक ती बोटाला गच्च आवळत होती. "हाव," सिंधु म्हणाली. "मीच दिलं."

अपूर्वाला वडील घेऊन गेले. सौदामिनीबाई वाईट नव्हत्या, त्यांनी एवढंच सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत रहा. पण आता चौकात जायचं नाही. मला हॉस्टेल चालवायचंय."

रविवारी यासेरनं दुकान बंदच ठेवलं होतं. "आपा, आज नको. हवा चांगली न्हाई."

"आज न्हाई गेले तर पुन्हा कधीच जाता येणार न्हाई, यासेर. त्या पोरांना वाटंल मी पळाले."

"पोरं येणारच न्हाईत."

"एखादं येईल."

मग स्पीकर त्यानंच उचलला.

एकही पोर आलं नाही. आले ते दुसरेच लोक, मोटारसायकलींवर, तोंडाला रुमाल बांधून. आधी सिंधुभोवती गोळा झाले. कुणाचा पैसा खातेस, किती पोरी बाटवल्या, असं विचारत होते. ती उत्तर देत होती. एकानं यासेरला नाव विचारलं. त्यानं सांगितलं. नाव ऐकल्यावर सिंधुकडं कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. सगळे त्याच्याकडं वळले. ती मध्ये पडली, तिला ढकलून दिलं. ती "सोडा, त्याचा काही संबंध न्हाई" म्हणून ओरडत होती, घसा फाटेस्तोवर ओरडत होती, आणि चहावाला गाड्यावरची भांडी आवरत होता. वरच्या खिडक्यांत पोरं उभी होती. त्यांत तिच्याकडं येऊन रडलेला तो मुलगाही होता. तो खाली आला नाही.

पोलीस ठाण्यात फौजदारसाहेबांनी तिला पाणी दिलं आणि परवानगी होती का ते विचारलं. नव्हती. पुन्हा असं करणार नाही, असं तिच्याकडून लिहून घेतलं. मारणाऱ्यांची नावं तिला सांगता आली नाहीत. चौकात तर कुणी काही पाहिलंच नव्हतं.

यासेरच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता. दवाखान्यात बानो त्याच्या उशाशी बसली होती. सिंधु दारात दिसली तशी ती उठून बाहेर आली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर सिंधुला बरं वाटलं असतं. बानोनं हात जोडले.

"बाई, तुमारा खुदा तुमारे पास. मेरे को येकइच बच्चा है. इसको छोड देव."

आतून यासेरनं विचारलं, "अम्मी, कौन है?" सिंधु उत्तर न देता जिन्यानं खाली आली. पुढच्या महिन्यात दुकानाच्या मालकानं गाळा रिकामा करून घेतला आणि मायलेक हैदराबादला बानोच्या भावाकडं गेले. सिंधुनं एकदा फोन लावला. यासेर म्हणाला, "आपा, मोठ्यानं बोला. ह्या बाजूनं ऐकू येत न्हाई." ती मोठ्यानं काय बोलणार? तिनं तब्येत विचारली आणि ठेवून दिला.

चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, थोडे दिवस येऊ नका, सगळ्यांवरच नजर आहे. त्यांचंही चुकत नव्हतं. आदल्याच आठवड्यात चर्चच्या दारावर दगड पडले होते.

काम संपलं, खोली सुटली, तेव्हा जायला एकच जागा होती. इतक्या वर्षांनी ती मलप्पाच्या दारात उभी राहिली. भूकंपानंतर नव्या वसवलेल्या गावात सगळी घरं एकसारखी. तिला विचारत विचारत जावं लागलं. मलप्पा थकला होता, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आवाजावरून त्यानं तिला ओळखलं.

"रहा," तो म्हणाला. "पण त्या देवाचं नाव ह्या घरात काढायचं न्हाई. दगडाखालून मी काढली तुला. त्यानं न्हाई."

"काका, तुमच्या हातानं त्यानंच काढलं." हे उत्तर तिच्याकडं लहानपणापासून तयार होतं.

मलप्पानं तिच्या दिशेनं तोंड वळवलं. मग हळू विचारलं, "मग मल्लूला कामून न्हाई काढलं?"

ह्याचंही उत्तर तिच्याकडं एकेकाळी होतं. नागुबाईनं दिलेलं, पाळकांनी दिलेलं, गाण्यात तिनं स्वतः जुळवलेलं. त्या दिवशी ती आठवून आठवून दमली, आणि एकही शब्द तिला खरा वाटेना. ती चुलत्याच्या पायाशी बसून राहिली. आठवडाभर राहून ती नांदेडला निघून आली.

नांदेडला ती लग्नाच्या स्वयंपाकाच्या कामाला लागली. आचाऱ्याबरोबर गावोगाव जायचं, भाज्या चिरायच्या, पुऱ्या लाटायच्या. अशाच एका लग्नाहून परतताना मुखेडच्या स्टँडवर तिला अपूर्वा भेटली. अंगावर साडी, खांद्याला कॉलेजची पिशवी. नीटचा नंबर लागला नव्हता. आता मुखेडच्या कॉलेजात बीएस्सी करत होती, आणि लग्न ठरलं होतं. ती गर्दीतून वाट काढत जवळ आली.

"मावशी, ओळखलं का?"

"हाव की."

अपूर्वाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "त्या दिवशी मी खोटं बोलले. मला लई भ्या वाटलं होतं. यासेरभैयाचं मला नंतर कळलं. रोज आठवतं, मावशी. मला माफ करा."

सिंधुनं क्षमेवर गाणी केली होती. चौकात उभं राहून, अनोळखी पोरांना सांगितलं होतं, की मागायच्या आधीच मिळते. तिला आत शोधूनही तो शब्द सापडेना. तिथं यासेरचा आवाज होता, मोठ्यानं बोला म्हणणारा.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "जेवत जा नीट."

अपूर्वा वाट बघत होती. आणखी काही येईल म्हणून तिनं मान वर केली होती. नांदेडची गाडी फलाटाला लागली, बायका दाराकडं धावल्या आणि सिंधु त्यांच्यात शिरली. खिडकीची जागा मिळाली, पण तिनं बाहेर पाहिलं नाही.

नांदेडला ती अजून रविवारी चर्चला जाते. शेवटच्या बाकावर बसते. गीत सुरू झालं की उभी राहते, पुस्तक उघडून धरते. शेजारच्या बाईनं एकदा विचारलं, "तुम्ही म्हणत का न्हाई हो?" सिंधु म्हणाली, घसा बसलाय. उपासना संपल्यावर सगळे थांबतात, एकमेकांची विचारपूस करतात. ती थांबत नाही. दुपारी बहुधा कुठल्यातरी मंगल कार्यालयात कांदे सोलायचे असतात.